नवी हार्ड डिस्क बसवली, पण कॉम्प्युटरला दिसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉपमध्ये स्वतःच्या हाताने डिस्क बसवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. विंडोज 10 आणि 11 धरून लिहिली आहेत; डिस्क साडेतीन इंची असो, अडीच इंची एसएसडी असो की एम.2ची पट्टी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डिस्कवर जुना डेटा असेल आणि पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' करू का असं विचारणारी खिडकी आली, तर 'कॅन्सल' दाबा आणि मगच पुढचं वाचा.

'दिसत नाही' म्हणजे नक्की कुठे दिसत नाही?

आधी हे ठरवा, स्क्रू ड्रायव्हर नंतर हातात घ्या. डिस्क चार ठिकाणी उमटावी लागते. तिला वीज पोचून ती फिरायला हवी. बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमच्या) स्टोरेज यादीत तिचं मॉडेल यायला हवं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिची आडवी पट्टी दिसायला हवी. आणि शेवटी 'धिस पीसी'मध्ये डी, ई, एफ अशा अक्षरासह ती यायला हवी. डिस्क मॅनेजमेंटपर्यंत पोचली असेल तर कॅबिनेट उघडायचं कारण बहुधा नाही. बायोसमध्येच नसेल तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. विंडोज नव्याने टाकणं, ड्रायव्हर अपडेट करणारं काहीबाही उतरवून घेणं, हे त्या वेळी निव्वळ वेळखाऊ.

'धिस पीसी'मध्ये नाही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये आहे. डिस्क खराब निघाली का?

नाही. कॅबिनेटच्या आत बसवायची डिस्क बहुधा कोरी येते, तिच्यावर विभाग पाडलेले नसतात. म्हणून विंडोज तिला अक्षर देत नाही. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. कोरी डिस्क असेल तर 'इनिशियलाइझ डिस्क'ची खिडकी आपोआप येते. आली नाही तर खालच्या भागात 'डिस्क 1', 'नॉट इनिशियलाइझ्ड' असं लिहिलेल्या राखाडी चौकोनावर उजवं क्लिक करा. जीपीटी निवडून ओके करा (कारण पुढच्या प्रश्नात). मग उजवीकडच्या 'अनअलोकेटेड' लिहिलेल्या काळ्या पट्टीच्या जागेवर उजवं क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', फाइल सिस्टिम एनटीएफएस, अलोकेशन युनिट 'डिफॉल्ट', अक्षर जे मोकळं असेल ते. 'क्विक फॉरमॅट'ला खूण ठेवली तर काही सेकंदांत काम होतं.

पट्टी निळी आहे, 'हेल्दी' लिहिलंय, पण अक्षर नाही, असंही होतं. तिथे फक्त 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून अक्षर द्या. फॉरमॅटची गरज नाही.

इनिशियलाइझ करतानाच 'आय/ओ डिव्हाइस एरर' किंवा 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' अशी चूक आली, तर मात्र दोष विंडोजमध्ये शोधू नका. केबल आणि पोर्ट बदला. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तीच चूक आली तर डिस्क परत करा.

एमबीआर की जीपीटी?

जीपीटी. दोन्ही म्हणजे डिस्कवरच्या विभागांचा तक्ता लिहिण्याच्या पद्धती. एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक 32 बिटांत लिहिला जातो. सेक्टर 512 बाइटचा धरला तर मोजणी 2 टीबीच्या थोडं पुढे संपते. म्हणूनच 4 टीबीची डिस्क एमबीआरने सुरू केली की 2048 जीबीचा भाग वापरता येतो आणि उरलेले 1678 जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून पडून राहतात. त्यावर उजवं क्लिक केलं तरी काही करता येत नाही. चूक होऊन गेली असेल आणि डिस्क रिकामीच असेल तर सगळे व्हॉल्यूम डिलीट करा. त्यानंतरच 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' हा पर्याय चालू होतो.

बायोसमध्ये नेमकं कुठे पाहायचं? बूटच्या यादीत तर नाव नाहीये.

बूटच्या यादीवरून निष्कर्ष काढू नका. नव्या यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बोर्डांवर त्या यादीत ज्या डिस्कवर सुरू होण्याजोगी सिस्टिम आहे तीच येते. कोरी डिस्क तिथे नसणं बरोबरच आहे. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ2 दाबा आणि 'साटा कॉन्फिगरेशन', 'स्टोरेज' किंवा 'एनव्हीएमई कॉन्फिगरेशन' अशा नावाचं पान शोधा. तिथे प्रत्येक पोर्टसमोर डिस्कचं मॉडेल किंवा 'एम्प्टी', 'नॉट प्रेझेंट' असं लिहिलेलं असतं. तो पोर्ट 'डिसेबल्ड' करून ठेवलेला नाही ना, हेही त्याच पानावर कळतं.

विंडोजमधला साधा 'शट डाउन' बऱ्याचदा पूर्ण बंद करत नाही. 'फास्ट स्टार्टअप'मुळे जुनी स्थिती साठवून ठेवली जाते. डिस्क लावल्यावर एकदा 'रीस्टार्ट' करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा.

बायोसमध्येही नाही. कॅबिनेट उघडून काय काय तपासायचं?

मागचं बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग समोरचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच डिस्कला हात लावा.

साटा, म्हणजे केबलने बोर्डाला जोडायच्या, डिस्कला दोन जोड असतात. अरुंद जोड 7 पिनांचा, डेटाचा. रुंद जोड 15 पिनांचा, विजेचा. दोन्हींना इंग्रजी एलसारखी खाच असते, त्यामुळे जोड उलटा बसत नाही. पण अर्धवट मात्र बसतो, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. डिस्क पिंजऱ्यात आधी घट्ट केली आणि केबल नंतर आंधळेपणाने लावली, की एक बाजू बसते आणि दुसरी मिलिमीटरभर वर राहते. म्हणून केबल दोन बोटांत सरळ धरून दोन्ही बाजूंना सारखा दाब द्या. लोखंडी क्लिप असेल तर 'टक' असा आवाज यायला हवा. केबल ताणलेली किंवा जोडापाशीच वाकवलेली नको. झाकण लावताना बाजूच्या पत्र्याने केबल दाबली जाते, तेही पाहा. झाकण उघडं असताना डिस्क दिसते आणि लावल्यावर जाते, याचं कारण हेच. डिस्कवरची एलच्या आकाराची प्लॅस्टिकची जीभ नाजूक असते. ती केबलमध्ये अडकून मोडली असेल तर जोड सैल बसतो आणि संपर्क तुटत राहतो.

मग अदलाबदल करून पाहा, पण एका वेळी एकच वस्तू. चालू असलेल्या जुन्या डिस्कची डेटा केबल नव्या डिस्कला लावा. दिसली तर केबल किंवा पोर्ट दोषी. नाही दिसली तर जुन्या डिस्कची विजेची केबल लावा. दोन्ही केबल कामातल्या असूनही दिसत नसेल तर दोष डिस्ककडे सरकतो. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर डिस्क दिसेलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि महिन्याभराने तेच पुन्हा होईल.

दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीला, वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या पोर्टच्या पिनांवर काळपट थर चढतो. केबल चार-पाच वेळा काढून-घालून तो बऱ्याचदा निघतो.

डिस्क फिरते की नाही हे कसं ओळखायचं?

डेटाची केबल काढून फक्त वीज द्या. कॉम्प्युटर चालू करताना डिस्कच्या बाजूच्या कडेवर बोट टेकवून ठेवा. साडेतीन इंची डिस्क वेग घेताना हलकी थरथर आणि चढत जाणारी सूं लागते. फिरायला सुरुवात करताना ती 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते, म्हणून एकाच तारेवर स्प्लिटर लावून तीन-चार डिस्क लटकवल्या तर कमकुवत एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तिथेच दम सोडतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिच्यासाठी ही परीक्षा लागू नाही.

डिस्क चांगली आहे, यूएसबीच्या डब्यात चालत होती, पण कॅबिनेटमध्ये लावली की फिरतच नाही.

हा दोष नाही, साटाच्या नियमांतला बदल आहे. विजेच्या जोडातल्या पहिल्या तीन पिनांवर पूर्वी 3.3 व्होल्ट येत. नव्या नियमात तिसऱ्या पिनला वेगळं काम दिलं गेलं: तिथे वीज आली की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हर चालवणाऱ्यांना दुरून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. काही एंटरप्राइझ डिस्कांत आणि एक्स्टर्नल डबा फोडून काढलेल्या काही मोठ्या डिस्कांत ती असते. जुना एसएमपीएस तिथे 3.3 व्होल्ट देतच राहतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते.

उपाय दोन. मोलेक्समधून साटा करणारा अडॅप्टर लावा. मोलेक्समध्ये 12 व्होल्टची पिवळी, 5 व्होल्टची लाल आणि दोन काळ्या तारा एवढंच असतं, 3.3 व्होल्ट नसतातच. अडॅप्टर घेताना ज्याच्या तारा जोडात ओतीव प्लॅस्टिकने गाडलेल्या आहेत तो टाळा. तशा जोडात तारा आत एकमेकींना लागून जळाल्याची उदाहरणं आहेत. दाबून बसवलेल्या तारांचा, मागचं झाकण उघडता येणारा जोड घ्या. दुसरा उपाय कॅप्टॉन टेपचा, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या पिवळट पारदर्शक टेपचा. डिस्कच्या विजेच्या जोडात, डेटाच्या जोडाकडच्या बाजूने मोजून पहिल्या तीन पिना झाकल्या जातील एवढीच अरुंद पट्टी कापा आणि चिमट्याने चिकटवा. फक्त तिसरी झाकली तरी चालतं, पण मिलिमीटरभर रुंदीची टेप केबल लावताना सरकते. चौथ्या पिनवर टेप जाऊ देऊ नका. साधी चिकटपट्टी वापरू नका, ती गरम होऊन सुटते.

दुसऱ्या एसएमपीएसची साटा केबल घरात पडली आहे. ती लावली तर चालेल?

अजिबात नाही. मॉड्युलर एसएमपीएसमध्ये डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली तार कुठे याचा कुठलाही समान नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. जोड छान बसतो, बटण दाबताच 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जातात आणि डिस्कचं सर्किट क्षणात जळतं. नवीच नव्हे, त्या तारेवर असलेली जुनी डेटाची डिस्कसुद्धा. केबल त्याच एसएमपीएसच्या खोक्यातली असल्याची खात्री नसेल तर ती लावू नका. हे कळकळीने सांगतो आहोत, कारण ही चूक दुरुस्त करता येईलच असं नसतं.

एम.2ची एसएसडी बसवली. बायोसमध्ये काहीच येत नाही.

एम.2 हा आकार आहे, भाषा नव्हे. त्या आकारात साटा भाषेची एसएसडी येते आणि एनव्हीएमई भाषेचीही. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. पट्टीवर दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमईची. पण खाचेवर विसंबू नका, डिस्कच्या लेबलवर आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहा.

पट्टी साधारण 30 अंशांच्या तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवायची, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा व्हायला हव्यात, मग खाली दाबून बारीक स्क्रू लावायचा. 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब. स्क्रूखालची पितळी खुंटी त्याच लांबीच्या भोकात आहे का ते पाहा. खुंटीच बसवली नाही आणि स्क्रू थेट बोर्डात पिळला, तर पट्टी कमानीसारखी वाकते आणि पुढच्या पिना उचलल्या जातात.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा: एम.2 बसवली आणि आधी चालणारी साटा डिस्कच गायब झाली. बऱ्याच बोर्डांवर एम.2चा स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच वाटेने जातात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद होतात. पुस्तिकेत याचा तक्ता असतो. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की झालं.

विंडोज टाकायला बसलो, तर डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. बायोसमध्ये मात्र डिस्क आहे.

इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या अनेक कॉम्प्युटरांत आणि लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या ताब्यात घेते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तर यादी कोरी येते. लॅपटॉप किंवा बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो सुटा (एक्स्ट्रॅक्ट) करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच येते.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. कोऱ्या मशीनवर तो चालतो. पण त्यावर आधीपासून विंडोज असेल तर ते सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकेल. एएचसीआय आणि रेड (डिस्क हाताळण्याच्या बायोसमधल्या दोन पद्धती) यांच्यात बदल केला तरी तेच होतं. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर बायोसला हातच लावू नका.

नवी डिस्क लावल्यापासून जुनं विंडोजच सुरू होत नाही.

बायोसने बूटचा क्रम बदलला असेल. 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा जुन्या डिस्कचं नाव पहिल्या क्रमांकावर आणा. तरीही अडलं तर नवी डिस्क काढून पाहा. तरीही विंडोज आलं नाही तर केबलच्या अदलाबदलीत काही गफलत झाली असू शकते.

डिस्कवर डेटा आहे आणि विंडोज फॉरमॅट करायला सांगतंय.

फॉरमॅट करू नका. विंडोजला ती डिस्क वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. ती रिकामी आहे असा नव्हे. कारणं वेगवेगळी असतात. मॅकवरची एपीएफएस किंवा लिनक्सवरची एक्सटी4 विंडोज स्वतःहून वाचत नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्क बहुधा त्या यंत्राच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असते. चित्रण हवं असेल तर डिस्क पुन्हा त्याच डीव्हीआरमध्ये घालून तिथून बॅकअप घ्या.

एक्स्टर्नल डब्यातून काढलेली डिस्क असेल तर आणखी दोन शक्यता. काही डब्यांतली चिप 512 बाइटचे सेक्टर 4096 बाइटचे म्हणून दाखवते, त्यामुळे थेट साटाला लावल्यावर विभागांचा तक्ताच जुळत नाही. काही डब्यांतली चिप पासवर्ड ठेवला नसला तरी सगळा डेटा कूटबद्ध करते. दोन्ही वेळा डिस्क पुन्हा मूळ डब्यात घातली की फाइली दिसतात. तो डबा फेकून देऊ नका.

क्लोन केलेली डिस्क 'ऑफलाइन' दाखवते.

दोन्ही डिस्कांची ओळखखूण एकच झाल्यामुळे विंडोजने एकीला बाजूला ठेवलं आहे. उजवं क्लिक करून 'ऑनलाइन' केलं की विंडोज तिला नवी खूण देतं. ती फक्त साठवणीला वापरायची असेल तर हरकत नाही. तिच्यावरूनच विंडोज चालवायचं असेल तर 'ऑनलाइन' करू नका. कॉम्प्युटर बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिली सुरुवात एकट्या नव्या डिस्कवर करा.

डिस्क दिसते, पण कॉपी करताना मध्येच गायब होते.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून सी7 ही ओळ पाहा. केबलवरून जाताना डेटा किती वेळा बिघडला त्याची ती मोजणी. मोठी फाइल कॉपी करा, आकडा वाढला तर केबल बदला. हा आकडा नंतर कधी कमी होत नाही. नव्या केबलनंतर तो स्थिर राहिला म्हणजे काम झालं. आकडा हेक्सात (16च्या पटीतल्या मोजणीत) असतो, त्यामुळे ए, बी अशी अक्षरं दिसली तर बिचकू नका. सी5 (नीट वाचता न येणारे सेक्टर) किंवा 05 (खराब म्हणून बदललेले सेक्टर) वाढत असतील तर मात्र दोष तबकड्यांच्या पृष्ठभागात आहे.

यूएसबीच्या डब्यात लावली तरी दिसत नाही.

साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच, यूएसबी फक्त 5 व्होल्ट देतं. अडीच इंची डिस्क समोरच्या पोर्टऐवजी मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी 2ची हद्द 500 मिलिअँपिअर, यूएसबी 3ची 900. जुने डबे 2 टीबीपुढे मोजू शकत नाहीत.

टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येतो.

लगेच बंद करा. तबकडी वाचणारं हेड आपली जागा शोधून शोधून परत येतंय. डेटा महत्त्वाचा असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. डिस्क घरी उघडू नका, फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या सल्ल्याकडेही दुर्लक्ष करा, आतल्या थंड पृष्ठभागावर दव साचतं. नवीच डिस्क असेल तर थेट बदलून घ्या.

सेकंड हँड स्वस्त डिस्क घेतली, पण साटाची केबल बसतच नाही.

ती सास डिस्क आहे, सर्व्हरमधून निघालेली. साटा डिस्कवर डेटा आणि विजेच्या जोडांमध्ये फट असते, सासमध्ये ती भरलेली असते. सासच्या कंट्रोलरवर साटा डिस्क चालते, उलटं चालत नाही. घरगुती बोर्डाला वेगळं सास कार्ड घेतल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

2 टीबीची घेतली, 1863 जीबीच का?

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या. 1 टीबीचे 931 होतात. फसवणूक नाही.

आता दिसायला लागली. लगेच फोटो टाकू का?

दोन कामं आधी करा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' पाहा. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हा आकडा शून्याजवळ हवा. हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, बिलासकट परत न्या. मग 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून एकदा पूर्ण फॉरमॅट करा. त्यात विंडोज प्रत्येक सेक्टरवर लिहून पाहतं. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तर 4 टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा, शक्यतो यूपीएसवर. एसएसडीला हे नको, तिची झीज होते. सकाळी 05 आणि सी5 दोन्ही शून्य असतील तर फोटो टाकायला घ्या. शून्य नसतील तर बदलून देण्याची दुकानाची मुदत संपायच्या आत डिस्क परत करा. त्यानंतर वॉरंटीखाली डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही, आणि बदली म्हणून बऱ्याचदा दुरुस्त केलेली डिस्क हातात येते.